रीस्लिंग मध्येच अडकते आणि सडक्या अंड्यांचा वास मारते: काय तपासायचं, काय करायचं

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा आला की घरी वाइन करणाऱ्यांचे मला ठरलेले फोन येतात. "अगं, तीन दिवस झाले, बुडबुडा नाही. आणि बूच काढलं तर सडक्या अंड्यांचा वास." माणूस बदलतो, वाक्य तेच. मी न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात, सेनेका सरोवराच्या पश्चिम काठावर राहते. घरामागे रीस्लिंग या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाच्या साठ वेली आहेत. पहिली तीन वर्षं हेच वाक्य मी फोन करकरून इतरांना ऐकवत होते.

उत्तर एकच मिळायचं: "थंडी आहे ना, म्हणून." हे उत्तर निम्मं खरं आहे, म्हणूनच ते घातक आहे. थंडीने यीस्ट मंदावतं हे खरं, पण वास थंडीने येत नाही. तो येतो उपाशी यीस्टमुळे, आणि थंडीचा जो काही दोष असतो तोही बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात आपणच केलेला असतो.

आधी खरंच अडकली आहे का, म्हणजे साखर शिल्लक असताना आंबणं थांबलंय का, ते बघा

एअरलॉकवर, म्हणजे बुचातल्या वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीवर, विश्वास ठेवू नका. बूच किंचित सैल असलं की वायू बाजूने निघून जातो आणि वाइन आंबत असूनही एअरलॉक गप्प बसतो. उलट दुपारी गॅरेज तापलं की विरघळलेला वायू सुटतो आणि सगळं संपलेलं असताना बुडबुडे दिसतात. हायड्रोमीटर घ्या, म्हणजे द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारी काचेची नळी. नमुना आधी बाटलीत घालून जोरात हलवा, वायू जाऊ द्या, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरच्या अंगाला चिकटून त्याला वर उचलतात. बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला बेतलेले असतात. १० अंशांच्या वाइनमध्ये ते साधारण अर्धा ब्रिक्स (साखरेचं माप, रसातली शेकडा साखर) जास्त दाखवतात. दोन-दोन दिवसांनी तीनदा मोजून आकडा तोच आला, तर अडकली म्हणा.

शून्य ब्रिक्सलाही फसू नका. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे पूर्ण ड्राय झालेली, म्हणजे साखर संपलेली वाइन उणे दीडच्या आसपास उतरते. हायड्रोमीटरने शून्य दाखवलं तेव्हा लिटरमागे अजून १५ ते २० ग्रॅम साखर शिल्लक असते. "शून्य झालं, संपलं" म्हणून बाटल्या भरल्या तर उन्हाळ्यात त्या तळघरात फुटतात. काचेचे तुकडे एकदा वेचलेत, पुन्हा वेचायची इच्छा नाही.

ती अडकली, तर अडकू द्यायची का?

हा प्रश्न कुणी विचारतच नाही. इंटरनॅशनल रीस्लिंग फाउंडेशनची बाटलीवर छापायची एक पट्टी आहे. तिचा हिशोब सोपा आहे: लिटरमागची साखर भागिले लिटरमागचं ॲसिड. उत्तर एकपर्यंत आलं तर ड्राय, एक ते दोन मीडियम ड्राय, दोन ते चार मीडियम स्वीट, त्यापुढे स्वीट. मग पीएच जास्त असेल तर एक पायरी गोडाकडे सरकवायची. तुमची वाइन १७ ग्रॅम साखर आणि ९ ग्रॅम ॲसिडवर थांबली असेल, तर ती मीडियम ड्राय आहे आणि बहुधा चांगली लागते आहे. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यात थंड तळघरांमध्ये रीस्लिंग अशीच मधे थांबायची, आणि तिथल्या त्या गोडव्याचं मूळ यातच आहे. आमच्या भागातली पहिल्या फळीतली एक वायनरी हर्मन वीमर यांनी १९७९ साली काढली. ते मोझेलच्या बर्नकास्टेलचे. गोड-आंबटाचा हा तोल इथे रुजला त्यात अशा माणसांचा हात आहे.

तर आधी चव घ्या. वास चांगला असेल आणि तोल जमला असेल तर खटपट करू नका. थंड करा, तळाच्या साक्यावरून निथळून घ्या, वाइन टिकवणारं सल्फाइट द्या, आणि बाटलीपाशी काय करायचं ते शेवटी सांगते तसं करा. वास येत असेल किंवा साखर ४०-५० ग्रॅमवर अडकून वाइन सरबतासारखी लागत असेल, तरच पुढचं वाचा.

पहिला अर्धा तास

माझं पहिलं वर्ष. ऑक्टोबरच्या मध्याला घड तोडले, रस काढला, गॅरेजमध्ये रात्रभर निवळत ठेवला. सकाळी रस ८ अंशांवर होता. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे यीस्ट ४० अंशांच्या पाण्यात भिजवलं, वीस मिनिटांनी छान फसफसलं, आणि मी ते सगळं एकदम ओतलं. तीस अंशांचा फरक. निम्मं यीस्ट तिथेच गेलं असणार. उरलेलं लंगडत चाललं आणि ५ ब्रिक्सवर बसलं.

यीस्टचं पाणी आणि रस यांच्यात दहा अंशांपेक्षा जास्त फरक नको. भिजलेल्या यीस्टमध्ये चमचा-चमचा थंड रस घालत जा, दर पाचेक मिनिटांनी थोडा. यीस्टचं भांडं हळूहळू गार होतं. दरम्यान रसाचा बुधला घरात आणून १६-१८ अंशांवर येऊ द्या. दोन्ही जवळ आले की मगच एकत्र करा. दादा निफाडहून व्हिडिओ कॉलवर हे बघत होता. म्हणाला, "हे तर दही विरजल्यासारखं करतेस." बरोबरच होतं त्याचं. उकळतं दूध किंवा फ्रीजमधलं दूध विरजणाला चालत नाही हे आईला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

फसफसायला लागलं की १३ ते १५ अंशांवर ठेवा. सुगंध टिकतो. बाराच्या खाली जाऊ देऊ नका, विशेषतः शेवटच्या तिसऱ्या भागात, कारण तेव्हा अल्कोहोल वाढलेलं असतं, उरलेल्या साखरेत फ्रुक्टोज जास्त असतं आणि यीस्टला ग्लुकोज जास्त आवडतं. आमचं गॅरेज रात्री ६-७ अंशांवर उतरतं. मी बुधला पाण्याच्या टबात ठेवते आणि टबात माशांच्या टाकीचा छोटा हीटर सोडते. शेवटी तो १८ वर नेते. स्वस्त आणि बिनचूक.

भूक

दुसऱ्या वर्षी तापमान सांभाळलं, तरी वास आलाच. तिसऱ्या वर्षी घड काढायच्या आदल्या आठवड्यात रसाचा नमुना प्रयोगशाळेत दिला. इथल्या जिनिव्हा गावात कॉर्नेल विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे, त्यामुळे आमच्याकडे ही सोय जवळ आहे. यीस्टला वापरता येतो तो नायट्रोजन मोजायला सांगायचं. इथे सगळे त्याला यॅन म्हणतात. माझ्या रसात तो लिटरला शंभर मिलिग्रॅमच्याही खाली निघाला. २०-२१ ब्रिक्सच्या रसाला दीडशे ते दोनशे तरी लागतो. तीन वर्षांचं कोडं एका कागदावर सुटलं.

रीस्लिंगच्या रसात तो कमी का पडतो? आमच्याकडे ओळींमध्ये गवत ठेवतात, उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून. ते बरोबरच आहे, पण कोरड्या ऑगस्टमध्ये तेच गवत वेलीच्या ताटातलं खातं. म्हणून काही बागाईतदार मण्यात पाणी उतरण्याच्या सुमाराला पानांवर युरियाची हलकी फवारणी करतात. मीही करते, पण ती अंदाजाने, मोजमाप रसातच.

नायट्रोजन अपुरा पडला की यीस्ट प्रथिनं बनवायला गंधक ओढतं, पण त्याला जोडायला नायट्रोजनचा सांगाडा नसतो. मग ते गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं, आणि आपल्याला नाक दाबावं लागतं.

हिशोब असा. समजा यॅन ९५ आहे आणि १८० हवा आहे. ८५ कमी. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, यीस्टला नायट्रोजन देणारी पूड) लिटरमागे ०.१ ग्रॅम घातलं की साधारण २१ मिलिग्रॅम नायट्रोजन मिळतो. म्हणजे लिटरला एकूण ०.४ ग्रॅम, २० लिटरच्या बुधल्याला ८ ग्रॅम. ते एकदम नाही. ४ ग्रॅम आंबणं नीट सुरू झाल्यावर, साधारण दुसऱ्या दिवशी, आणि ४ ग्रॅम एक तृतीयांश साखर संपल्यावर, म्हणजे २१ वरून १४ वर आल्यावर. भिजत घातलेल्या यीस्टमध्ये डीएपी कधीच टाकू नका, त्या अवस्थेत ते त्याला विषासारखं आहे. तिथे भिजवण्यासाठीचं वेगळं पोषक मिळतं ते वापरा. मी आता दुसरा हप्ता डीएपीऐवजी यीस्टपासून बनवलेल्या सेंद्रिय पोषकाचा देते. वास आणखी कमी येतो असं माझं मत आहे, पण त्यात नायट्रोजन फार कमी असतो, त्यामुळे रस खूपच उपाशी असेल तर एकट्या त्यावर भागत नाही.

पूड थोड्या रसात विरघळवून घाला. कोरडी पूड वायूने भरलेल्या बुधल्यात टाकली की फेस छतापर्यंत जातो. नवरा अजून त्या डागाकडे बोट दाखवतो.

आणि मोजल्याशिवाय भरमसाट घालू नका. "थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं" हे खताच्या बाबतीत निफाडलाही ऐकलंय मी. जास्तीच्या डीएपीने आंबणं भडकतं, नेलपेंटसारखा वास येऊ शकतो, आणि उरलेला नायट्रोजन नको त्या जिवाणूंच्या तोंडी पडतो. साखर निम्मी संपल्यावर घातलेलं पोषकही फारसं उपयोगी नाही. अल्कोहोल वाढलं की यीस्ट ते आत घेऊच शकत नाही. म्हणूनच नोव्हेंबरात फोन करणाऱ्याला मी डीएपी घालायला सांगत नाही.

अडकलेली गाडी पुन्हा सुरू करायची तर

नवं यीस्ट थेट अडकलेल्या वाइनमध्ये टाकणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. दहा टक्के अल्कोहोलमध्ये ते पडल्या पडल्या मरतं. आधी वाइन जुन्या साक्यावरून निथळून घ्या आणि १८-२० अंशांवर आणा. ईसी-१११८ सारखं दणकट यीस्ट दुप्पट मात्रेत, २० लिटरला १० ग्रॅम, पोषकासह कोमट पाण्यात भिजवा. त्यात थोडं साखरपाणी आणि तेवढीच अडकलेली वाइन घाला. फसफसू लागलं की तेवढीच वाइन परत. पुन्हा फसफसलं की पुन्हा दुप्पट. चार-पाच वेळा असं करता करता दोन दिवस जातात, आणि मग चार-पाच लिटरचं जोमदार विरजण बाकीच्या वाइनमध्ये सोडायचं. घाई केली की फसतं. मीही घाईने दोनदा फसले आहे.

वास

वास कधी आला यावर उपाय ठरतो. निम्म्या साखरेच्या आधी आला तर पोषक द्या आणि वाइन हवेशी थोडी खेळवत दुसऱ्या भांड्यात ओता, बहुतेक वेळा दोन दिवसांत जातो. आंबणं संपल्यावर आला किंवा टिकला तर हवा देऊ नका. तेव्हा हवा सुगंध मारते आणि वासाचे रेणू एकमेकांना जोडून आणखी हट्टी करते. तेव्हा साक्यावरून लगेच निथळा, सल्फाइट द्या, आणि तांब्याची परीक्षा घ्या.

ही परीक्षा मराठी घरात फुकट होते. दोन पेले घ्या. एकातली वाइन चिंचेने लख्ख घासलेल्या तांब्याच्या भांड्यात मिनिटभर फिरवून परत ओता. (देवघरातला तांब्या नको. मी तो घेतला होता, आई महिनाभर बोलली नाही.) दोन्ही पेले हुंगा. तांब्यातल्या पेल्याचा वास गेला असेल तर दोष बहुधा हायड्रोजन सल्फाइडचा आहे आणि तांब्याने जाईल. तो पेला ओतून द्या, प्यायचा नाही. आंबट पदार्थ तांब्यात का ठेवत नाहीत ते आजीने सांगितलेलं आहेच.

मग कॉपर सल्फेटचं एक टक्का द्रावण. २० लिटरला २ मिलिलिटर घातलं की लिटरला पाव मिलिग्रॅम तांबं जातं. अमेरिकेत तयार वाइनमध्ये उरणाऱ्या तांब्याची मर्यादा लिटरला अर्धा मिलिग्रॅम आहे, म्हणून अंदाजपंचे ओतू नका. आधी छोट्या पेल्यांत वेगवेगळ्या मात्रा करून वास घ्या आणि जाईल ती सगळ्यात कमी मात्रा वापरा. वास कांद्यासारखा किंवा जळक्या रबरासारखा असेल आणि तांब्याने गेला नाही, तर प्रकरण पुढे गेलंय. आधी ॲस्कॉर्बिक ॲसिड, मग तांबं, असा मार्ग आहे, पण तोवर सुगंधही बराच गेलेला असतो.

आता बागेकडे. भुरीवर आपण गंधक मारतो, नाशिकला मारतात तसंच इथेही. ते मण्यांवर राहिलं तर रसात उतरतं आणि यीस्ट त्याचंही हायड्रोजन सल्फाइड करतं. मी तोडणीआधी पाच-सहा आठवडे गंधक बंद करते, त्यानंतर भुरी दिसलीच तर दुसरं औषध. आणि रस रात्रभर निवळू देते. गंधकाचा बराचसा भाग गाळाबरोबर खाली बसतो. निवळणं म्हणजे आरसपानी करणं नव्हे, बरं का. रस पाण्यासारखा स्वच्छ केला की यीस्टला लागणारे स्निग्ध कण जातात आणि आंबणं पुन्हा अडकतं. हलकं धुरकट दिसलं पाहिजे.

जुन्या रीस्लिंगमधल्या रॉकेलसारख्या वासाबद्दलही विचारणा होते. तो दोष नाही. त्या रेणूला टीडीएन म्हणतात, उन्हात राहिलेल्या घडांत आणि वयाबरोबर तो वाढतो. त्याला तांबं दाखवू नका.

आंबटपणा

वास गेला, साखर संपली, आणि मग लोक म्हणतात, "दात आंबले." इथे आणखी एक गडबड होते. द्राक्षात मुख्यतः दोन ॲसिडं: एक चिंचेतलं, टार्टारिक, दुसरं हिरव्या सफरचंदातलं, मॅलिक. उष्णतेत वेल मॅलिक जाळून टाकते. म्हणून नाशिकच्या वायनऱ्यांना उलट वरून टार्टारिक घालावं लागतं. "आम्ही विकत घेतो ते तुम्ही फेकता," दादा म्हणतो. आमच्या थंडीत मॅलिक जळत नाही. १८ मे २०२३ च्या पहाटेच्या थंडीने इथले कोवळे फुटवे जळाले तेव्हा माझ्याकडे मागाहून फुटलेल्या डोळ्यांचं फळ उशिरा आलं, आणि रसाचं ॲसिड लिटरला १२ ग्रॅमवर होतं.

पोटॅशियम बायकार्बोनेट घातलं किंवा वाइन गोठणबिंदूजवळ ठेवली, तरी खाली बसते ती फक्त चिंच. सफरचंद जागच्या जागी. म्हणून बायकार्बोनेटने दोन ग्रॅमपेक्षा जास्त ॲसिड काढू नका (लिटरला एक ग्रॅम घातलं की साधारण एक ग्रॅम कमी होतं), नाहीतर टार्टारिक संपून वाइन पिचपिचीत होते, पीएच वर जातो आणि तोंडात मात्र कच्च्या सफरचंदाची धार तशीच राहते. मॅलिक कमी करायचं तर यीस्टच तसं निवडा. ७१बी थोडंफार मॅलिक खातं. पण ते १५ अंशांच्या खाली रुसतं, तेव्हा पुन्हा टब आणि हीटर आला. मी लोण्यासारखा वास आणणारं जिवाणूंचं दुसरं आंबवणं रीस्लिंगवर करत नाही. सगळा सुगंध झाकला जातो.

उरलेल्या आंबटपणाला साखरेने तोल द्या. यात कमीपणा काही नाही, आमटीत गूळ घालतोच की.

जानेवारीत मी बुधले दोन-तीन आठवडे गॅरेजमध्ये उणे २ अंशांपर्यंत राहू देते. तळाशी खडीसाखरेसारखे खडे बसतात. ते टार्टारिकचे क्षार, निरुपद्रवी. इथे न बसवले तर पाहुण्यांच्या फ्रीजमध्ये बसतात आणि "बाटलीत काच आहे" असा फोन येतो.

बाटली

साखर शिल्लक असलेल्या वाइनला दोन्ही लागतं, सल्फाइट आणि सॉर्बेट. सल्फाइट पीएचवर ठरतं: ३.० ला मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरला १३ मिलिग्रॅम पुरतं, ३.२ ला २१, ३.४ ला ३२. रीस्लिंगचा कमी पीएच इथे आपल्या कामी येतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या वजनाच्या सत्तावन्न टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो हे हिशोबात धरा, आणि काही भाग बांधला जातो म्हणून घातल्यावर दोन दिवसांनी परत मोजा. पोटॅशियम सॉर्बेट लिटरला पाव ग्रॅम. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही, म्हणून गढूळ वाइनमध्ये ते घालून उपयोग नाही. आधी ती नितळ होऊ द्या. आणि सल्फाइटशिवाय एकटं सॉर्बेट कधीच नको: जिवाणू ते खातात आणि वाइनला चुरगळलेल्या जिरेनियमच्या पानांचा वास येतो, त्यावर काहीही उपाय नाही.

बाटल्या भरल्या की त्यातल्या सहा मी थंड तळघरात नेत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर जाड घोंगडी टाकून, स्वयंपाकघरात भट्टीच्या बाजूला २४-२५ अंशांवर ठेवते. महिन्याने एक उघडते, दोन महिन्यांनी दुसरी. फुस्स झालं, म्हणजे आंबणं पुन्हा सुरू झालं असेल, तर त्याच दिवशी बाकीच्या सगळ्या फ्रीजमध्ये किंवा परत बुधल्यात.